आवाज बसला तेव्हा

(मालेगावच्या एका विद्यार्थ्याला हिवाळ्यात आलेला अनुभव या पाठात सांगितला आहे.)

त्या वर्षी मी सातवीत होतो. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मराठीतून भाषण करण्यासाठी सरांनी माझी निवड केली होती. आमची शाळा उर्दू माध्यमाची. घरी आणि मोहल्ल्यात सगळे उर्दूच बोलत. मराठीतून पाच मिनिटे बोलायचे, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. 'ळ' हा उच्चार तर मला मुळीच जमत नसे. म्हणून मी रोज पहाटे गच्चीवर जाऊन मोठमोठ्याने भाषण म्हणू लागलो.

नाशिक जिल्ह्यात हिवाळा चांगलाच कडक असतो. निफाडकडे काही वर्षी दवबिंदूसुद्धा गोठतात. आमच्या मालेगावातही थंडी कमी नव्हती. ती गार हवा मी तोंडाने आत घेत होतो आणि ओरडत होतो. चौथ्या दिवशी सकाळी दादीला सलाम करायला गेलो, तर घशातून नुसती खरखर आली.

दादीने मला मुलेठीचा तुकडा चघळायला दिला. मराठीत तिला ज्येष्ठमध म्हणतात, हे मला त्याच दिवशी शाळेत कळले. त्याने घशाला बरे वाटले, पण आवाज काही उघडला नाही. मग मी सगळ्यांशी कुजबुजून बोलू लागलो.

सरांनी मला थांबवले. ते म्हणाले, "कुजबुजू नकोस. जोर लावून कुजबुजल्यानेही घशावर ताण पडतो. त्यापेक्षा दोन दिवस गप्प राहा."

त्या दिवशी सरांनी धडा बाजूला ठेवला. "गळ्यावर बोटे ठेवा आणि 'आ' म्हणा," ते म्हणाले. साऱ्या वर्गाने 'आ' केला. बोटांना थरथर जाणवली. "आता नुसते 'स्स्' म्हणा." थरथर थांबली! तुम्हीही करून पाहा.

सरांनी फळ्यावर चित्र काढले. गळ्यात श्वासनळीच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र असते. त्यात दोन लहान पडदे असतात. त्यांना स्वररज्जू म्हणतात. आपण बोलतो तेव्हा फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात. पुरुषांचे स्वररज्जू बोलताना एका सेकंदात साधारण १०० ते १३० वेळा, तर स्त्रियांचे साधारण २०० वेळा कंप पावतात. मुलांचे त्याहूनही अधिक. इतक्या वेळा एकमेकांवर आपटणारे पडदे ओलसर नसले, तर ते सुजणारच.

हिवाळ्यातील हवा कोरडी असते. नाक त्या हवेला ऊब आणि ओलावा देऊन आत पाठवते. तोंडाने श्वास घेतला, की हे काम नीट होत नाही. मी गच्चीवर नेमके तेच करत होतो. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणीही कमीच पीत होतो. आपण प्यायलेले पाणी स्वररज्जूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेतून पोटात जाते आणि मग शरीराकडून स्वररज्जूंना ओलावा मिळतो. म्हणून भाषणाच्या ऐन वेळी घटाघट पाणी पिऊन उपयोग नाही; दिवसभर थोडे थोडे प्यावे लागते. गरम पाण्याची वाफही बरी. पण ती मोठ्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना घडतात.

"सर, सारखे खाकरून घसा साफ केला तर?" एकाने विचारले.

"त्यानेही पडदे आपटतात. एक घोट पाणी पी, नाहीतर नुसता आवंढा गीळ. आणि तीन-चार आठवडे होऊनही आवाज सुधारला नाही, तर घरगुती उपाय पुरे. डॉक्टरांकडे जायचे."

हे ऐकले आणि मला अब्बांची आठवण झाली.

अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करत. मागांच्या खटखटाटात शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. अब्बांचा आवाज दोन महिन्यांपासून घोगरा झाला होता. "थंडी आहे, जाईल," असे ते म्हणत. त्या रात्री मी त्यांना वहीतले चित्र दाखवले. "अब्बा, तुम्हाला तर दोन महिने झाले," मी माझ्या बसलेल्या आवाजात म्हणालो. ते काहीच बोलले नाहीत. अम्मीने मात्र लगेच रविवारी जायचे ठरवले. त्या चार दिवसांत घरात कोणी फारसे हसले नाही.

डॉक्टरांनी लांब दांड्याचा छोटा आरसा अब्बांच्या घशात धरून पाहिले. ही युक्ती जुनी आहे. मानुएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दोन आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वररज्जू पाहिले होते. अब्बांच्या स्वररज्जूंवर दोन बारीक गाठी होत्या. अम्मीचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. काम करून हाताला घट्टे पडतात ना, तसेच हे. ओरडणे बंद करा आणि काही दिवस अगदी कमी बोला. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा."

तेव्हापासून अब्बा मागांवर हातांनी खुणा करत आणि घरी चिठ्ठ्या लिहीत. माझा आवाज आठवड्याभरात परत आला. मी खोलीत बसून, हळू आवाजात सराव केला.

२६ जानेवारीला मी भाषण केले. अब्बा शेवटच्या रांगेत उभे होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. ती उर्दूत होती. त्यात एकच अक्षर देवनागरीत होते, वेडेवाकडे काढलेले – 'ळ'. त्यापुढे लिहिले होते, 'साफ ऐकू आला.'

स्वाध्याय

१. सरांनी लेखकाला कुजबुजायला का मना केले?
२. डॉक्टरांनी अब्बांच्या गाठींची तुलना कशाशी केली?
३. 'आवाज' हा शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहे. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.