जागलीचं कुत्रं फाशापासून जपा
तूर-हरभऱ्यात डुकरं, रोही घुसू लागले की कोणी धुऱ्यावर क्लच वायरचे फासे लावतं, कोणी तारेत करंट सोडतं. अडकतं मात्र आपलंच कुत्रं. वास लागला की ते कुंपणाच्या फटीतूनच शिरतं. रात्री त्याला खोपडीजवळ बांधा, सकाळी धुरा फिरून पाहूनच सोडा.
फाशात अडकलं तर ओढू नका, फास आणखी आवळतो. तोंडावर पोतं टाका, पक्कडीनं तार कापा. जखम दिसली नाही तरी १९६२ वर फोन करून डॉक्टरला दाखवा. करंटची शंका असेल तर आधी लाइन बंद, मगच हात.
फासा दिसला तर वनविभाग, १९२६. १९७२ च्या कायद्यात फासा लावणं हीसुद्धा शिकारच. अन् करंटच्या तारेवर रात्री पाणी द्यायला निघालेला माणूसही जातो.