कंबरेची गोळी : किती दिवस?



पावसाच्या तोंडावर वीटभट्ट्यांवरून माणसे पाड्यांवर परततात. सोबत थोडे पैसे येतात, थोडी उचल अंगावर येते आणि कंबरदुखी तर हमखास येते. या वेळच्या पाठासाठी हाच विषय घेतला आहे, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचे एक दादा, वय पंचेचाळीसच्या आसपास. भट्टीवर कंबर धरली की मुकादम एक गोळी देई. ती घेतली की दुखणे थांबे आणि दुसऱ्या दिवशी विटा वाहता येत. गावी आल्यावर दादा मला म्हणाले, "ताई, बाजारात जाशील तेव्हा ह्या गोळीचं पाकीट आण. तिच्याशिवाय उठवत नाही." मी आणले. पुढे दर आठवड्याला आणत राहिले. मेडिकलवाल्याने कधी चिठ्ठी मागितली नाही आणि मीही कधी विचारले नाही. मला वाटे, आपण सेवा करतो आहोत.

पाच-सहा महिन्यांनी दादांचा एक पाय जड पडू लागला. संध्याकाळी अंग कोमट लागे, कपडे ढगळ झाले होते. तेव्हा कुठे आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टरांनी मला एवढेच विचारले, "इतके दिवस गोळ्या कोण देत होतं?"

गोळी काय करते?

त्या पाकिटात तीन औषधे एकत्र होती : स्नायू सैल करणारे क्लोरझोक्साझोन आणि वेदना कमी करणारी डायक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल. आपल्याकडे कंबरदुखीला अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात.

स्नायू सैल करणारी गोळी आखडलेल्या स्नायूत जाऊन तो मोकळा करते, असे आपल्याला वाटते. खरे तर यातली बहुतेक औषधे मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. तिथून स्नायूला जाणारा ताणाचा निरोप ती मंद करतात. म्हणूनच गोळी घेतल्यावर झापड येते, तोल जातो, डोके जड होते. ताडावर चढणारा, गाडी चालवणारा किंवा रात्री उठणारा म्हातारा माणूस अशा वेळी पडू शकतो. वर ताडी किंवा मोहाची दारू घेतली तर गुंगी दुप्पट होते आणि श्वासही मंदावू शकतो.

मणका आतून पोखरला जात असेल तर त्याच्या आसपासचे स्नायू आखडतात. तो शरीराचा पहारा असतो. आम्ही पहारेकऱ्याला झोपवत होतो आणि घर आतून पोखरले जात होते.

महिनोन्‌महिने घेतल्यास

साध्या लचकेसाठी ही औषधे थोड्या दिवसांची असतात, फार तर दोन-तीन आठवड्यांची. त्यापुढे फायदा होतो याला चांगला पुरावा नाही, धोके मात्र वाढतात.

क्लोरझोक्साझोनमुळे क्वचित यकृताला गंभीर इजा होते. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठावा. सोबतच्या डायक्लोफेनॅकमुळे जठरात जखम होऊ शकते. काळी शौच हे तिचे लक्षण. भट्टीच्या उन्हात, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडालाही ते घातक आहे. तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर मात्रा दुप्पट होते, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

थायोकोल्चिकोसाइड हे औषधही आपल्याकडे बरेच चालते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये त्याच्या गोळ्या सात दिवसांपेक्षा जास्त देऊ नयेत आणि गरोदर स्त्रियांना मुळीच देऊ नयेत असे सांगितले, कारण त्यापासून शरीरात तयार होणारा एक घटक पेशींतल्या गुणसूत्रांना बाधा आणू शकतो. कॅरिसोप्रोडॉलचे शरीरात सवय लावणाऱ्या गुंगीच्या औषधात रूपांतर होते. त्याची विक्री थांबवण्याची शिफारस त्याच संस्थेने 2007 मध्ये केली. डायझेपामची सवय तर काही आठवड्यांतच लागू शकते.

एकदम बंद करू नका

हा पाठ वाचून कोणी घरातली सगळी पाकिटे फेकून देऊ नये. बॅक्लोफेन किंवा डायझेपाम बरेच दिवस चालू असेल आणि ते अचानक थांबवले, तर भास होणे, बरळणे, फिट येणे असे प्रकार घडतात. अशी औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करावी लागतात. मणक्याला मार लागलेल्यांना किंवा जन्मापासून हातपाय ताठ असलेल्या मुलांना बॅक्लोफेन वर्षानुवर्षे लागू शकते. त्यात काही गैर नाही. तिथे डॉक्टरांची नजर असते आणि मात्रा ठरलेली असते.

मग कंबरेचे काय करावे?

साधी लचक बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गरम पाण्याने शेकावे, अंथरुणाला खिळून न राहता हलके चालत राहावे, ओझे उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवावेत. पाकिटावर लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नये.

पण पुढीलपैकी काहीही दिसले तर आशाताईंना सांगून त्वरित दवाखान्यात जावे : रात्रीही न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे. मणक्याच्या टीबीत खोकला नसतोही, हे लक्षात ठेवावे. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि उपचार चालू असताना आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात जमा होतात.

दादांचा उपचार वर्षाहून अधिक चालला. आज ते काठी टेकून शेताच्या बांधापर्यंत जातात. भट्टीवर मात्र पुन्हा जाता आले नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट पाड्यावर कोणी गोळी मागितली की तेच आधी विचारतात, "किती दिवस झाले दुखतंय?" हा प्रश्न मी पहिल्याच पाकिटाच्या वेळी विचारायला हवा होता.

मंडळात चर्चेसाठी

1. आपल्या घरात चिठ्ठीशिवाय आणलेली कोणती गोळी आहे? ती किती दिवसांपासून चालू आहे?
2. भट्टीवर किंवा ऊसतोडीवर गोळी कोण देते? तिच्यामुळे कोणाचे काम होते आणि कोणाचे शरीर झिजते?
3. पाड्यावर कोणाला महिन्याहून अधिक पाठदुखी आहे? या आठवड्यात त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल?

सेवेतील आपली बहीण