स्कुटारीचा धडा

रुग्णालय सुधारते ते सेवाभावाने की निर्णयाने? क्रिमियन युद्धातील, तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तेथे पोहोचल्या. आहार, कपडे, शुश्रूषा यांची घडी त्यांनी बसविली. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती! मार्चमध्ये सरकारने पाठविलेला आरोग्य आयोग तेथे पोहोचला. त्याला केवळ अहवाल लिहिण्याचा नव्हे, तर कामे करवून घेण्याचा अधिकार दिलेला होता. गटारे साफ झाली, हवा खेळू लागली. जूनमध्ये प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. पुढे आकडे तपासून नाइटिंगेल यांनीही या कामाचे महत्त्व मान्य केले.

सेवा हवीच, परंतु तिच्या पाठीशी अधिकार उभा करणे, हेच नेतृत्वाचे काम होय.