भातखाचरातील जस्ताची पकड

बदलापूरच्या शिरगाव परिसरासारख्या भातपट्ट्यात खाचर पाण्याने भरले की जमिनीतील जस्त पिकास कमी मिळू लागते. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडून रोप खुजे राहिल्यास खैरा रोगाचा संशय घ्यावा. यास बुरशी समजून औषध मारणे व्यर्थ होय. खैरा जस्ताच्या उणिवेने होतो, हे पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले.

जस्त दोन रूपांत विकत मिळते. झिंक सल्फेटच्या स्फटिकात जस्ताभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, सातवा बाजूस असतो. पिशवी कोरड्या हवेत उघडी राहिल्यास हे पाणी उडून खडे पिठूळ होतात. यात जस्त २१ टक्के असते.

चिलेटेड झिंकमध्ये ते १२ टक्केच असते. येथे ईडीटीएचा एकच रेणू दोन नत्र व चार प्राणवायू अणूंनी जस्तास धरतो. बांधावरच्या खेकड्याची नांगीच जणू! चिलेट हा शब्दही ग्रीक भाषेतील नांगीवरूनच आला आहे. मात्र आम्ल जमिनीत लोह जस्तास हुसकावून त्याची जागा घेते, आणि महाग खताचा लाभ उरत नाही. यास्तव माती परीक्षणाआधी ते जमिनीत घालू नये.

उभ्या पिकावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विरलेला चुना मिसळून, गाळून फवारावे. झिंक सल्फेट सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नये.