जुन्या मालमोटारींचे पट्टे : दुर्लक्षित पण महत्त्वाचा भाग

उन्हाळ्यात टंचाईग्रस्त गावाला पाणी पोहोचविणारा टँकर वाटेत बंद पडला, तर त्या दिवशी संपूर्ण वस्तीचे हाल होतात. बिघाडाचे कारण शोधू गेल्यास पुष्कळदा ते इंजिनाच्या पुढील बाजूस फिरणाऱ्या रबरी पट्ट्यात सापडते. हा पट्टा किमतीने अल्प असतो. परंतु तो तुटल्याने इंजिनाचे होणारे नुकसान मात्र अल्प नसते.

शासकीय विभाग, नगरपालिका व पंचायती यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू राहत नाही. तथापि, भाड्याने घेतल्या जाणाऱ्या खाजगी टँकरांत व मालमोटारींत जुन्या बांधणीची वाहने आजही आढळतात. त्यांची कागदपत्रे तपासली जातात. पट्टा मात्र क्वचितच कोणी पाहतो.

पट्ट्याचे कार्य

इंजिनाच्या मुख्य दंडावरील पुलीपासून हा पट्टा गती घेतो आणि वॉटर पंप, पंखा व डायनामो किंवा आल्टरनेटर यांना फिरवितो. काही गाड्यांत हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसरही पट्ट्यावरच चालतो. जुन्या मालमोटारींत सामान्यतः पाचरीच्या आकाराचा पट्टा वापरला जातो. त्याची पकड तळावर नसून दोन्ही तिरप्या कडांवर असते, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण अनेक दोषांचे निदान तिच्यावरूनच होते. चांगला पट्टा पुलीच्या काठाशी समपातळीत किंवा किंचित वर बसतो. तो खोल रुतलेला दिसला, किंवा पुलीच्या खाचेचा तळ घासून चकाकत असला, तर पट्टा अथवा पुली झिजली आहे असे समजावे. झिजलेल्या पुलीवर कितीही वेळा नवा पट्टा चढविला तरी तो घसरतच राहणार.

दोषाची ओळख

सकाळी इंजिन सुरू करताच, किंवा रात्री दिवे लावल्यावर डायनामोवरील भार वाढताच कर्कश किंकाळी ऐकू आली, तर पट्टा बहुधा सैल आहे. चढावर इंजिन तापणे, बॅटरी वारंवार उतरणे व जळक्या रबराचा वास ही त्याचीच लक्षणे होत. याउलट एकसारखा चिवचिवाट होत असेल, तर पुली एका रेषेत नसल्याचा संशय घ्यावा. बाटलीतून दुरूनच थोडे पाणी पट्ट्याच्या आतील बाजूवर उडवून पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, तर रेषेतील दोष. आवाज वाढला, तर ताण अपुरा. मात्र पंखा फिरत असताना हात, धोतराचा सोगा किंवा उपरणे त्याच्या आसपासही जाऊ देऊ नये.

आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असे मानणे चुकीचे आहे. कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेला पट्टा कित्येकदा मुकाट्याने घसरतो. आवाज थांबविण्यासाठी पट्ट्यावर राळ, साबण किंवा बाजारातील चिकट द्रव्य लावण्याचा प्रघात आहे. त्याने चार दिवस शांतता लाभते, पण पट्टा काही सुधारत नाही. तेल किंवा डिझेल लागून रबर फुगले व मऊ झाले असेल, तर आधी गळती बंद करावी व मगच पट्टा बदलावा.

एखाद्या गाडीचे पट्टे वरचेवर तुटतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो. अशा वेळी पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. ती खरखरत किंवा डगमगत असेल, तर त्या पंपाचे किंवा डायनामोचे बेअरिंग गेलेले असते. पुली एका रेषेत आहेत की नाहीत, हे ताणलेल्या सुतळीनेही समजते.

बदलण्याची रीत

प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडवावी. पट्ट्याची निवड त्यावर छापलेल्या क्रमांकावरून किंवा वाहनाच्या पुस्तिकेवरून करावी. जुन्या पट्ट्याशी लांबी ताडून नव्हे, कारण जुना पट्टा ताणलेला असतो. डायनामोचे बोल्ट सैल करून तो आत ढकलावा, म्हणजे पट्टा सहज चढतो. घाईत पहारीने पट्टा पुलीवर रेटल्यास आतील दोरे तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि पट्टा आठवड्याभरात फाटतो. दोन पट्ट्यांची जोडी असेल तेथे एकच बदलणे ही खोटी काटकसर होय: सारा भार नव्यावर पडून तोही लवकर निकामी होतो.

ताण पाहण्यासाठी सर्वांत लांब अंतराच्या मध्यभागी अंगठ्याने दाबावे. साधारणपणे एक ते दीड सेंटिमीटर दबला म्हणजे ठीक; पुस्तिकेत निराळे माप असल्यास तेच प्रमाण मानावे. फाजील ताणाने वॉटर पंपाचे व डायनामोचे बेअरिंग खराब होते. नवा पट्टा आरंभी थोडा सैलावतो, म्हणून दहापंधरा मिनिटे इंजिन चालवून, बंद करून ताण पुन्हा तपासावा व चारआठ दिवसांनी आणखी एकदा पाहावा.

वाटेत पट्टा तुटला तर

चार्जिंगचा दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी तत्काळ बाजूला उभी करावी. पंप थांबल्यामुळे पाण्याचे अभिसरण बंद पडलेले असते. "गाव जवळच आहे" म्हणून आणखी काही किलोमीटर रेटल्यास हेडचे गॅस्केट जाते, प्रसंगी हेडही वाकते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीत हवेचा दाबही उतरू लागतो, आणि घाटात याचा अर्थ काय होतो हे चालकाला सांगावे लागत नाही. दोरी बांधून काम भागविल्याच्या गोष्टी चालक कौतुकाने सांगतात. भरलेल्या टँकरला तो उपाय भरवशाचा नव्हे.

टँकर ठरविताना ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा सदस्याने चालकाकडून बॉनेट उघडून घेऊन पट्ट्याची आतील बाजू उलटवून पाहिली, तर भेगा, सुटलेले दोरे व तेलाचे डाग दोन मिनिटांत दिसतात. फेऱ्यांच्या नोंदवहीत पट्टा बदलल्याची तारीख लिहिण्यास एक ओळ पुरते. योग्य क्रमांकाचा एक जादा पट्टा व बोल्टांना लागणारे पाने केबिनमध्ये असावेत. तो पट्टा डिझेलच्या डब्यापासून दूर, उन्हाआड आणि न मुडपता टांगून ठेवावा.