एटीएम यंत्र आणि चार अंकांचे गुपित

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हे प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे सर्वपरिचित आहे. परिसरातील वाड्यापाड्यांवरील अनेक वृद्धांचे निवृत्तिवेतन आता बँक खात्यात जमा होते आणि एटीएम यंत्रापुढे त्यांना कोणाची तरी मदत घ्यावी लागते. धोका नेमका येथेच असतो.

फसवणूक कशी होते?

मदतीच्या मिषाने जवळ आलेली व्यक्ती गुप्त क्रमांक पाहून घेते आणि तसेच दिसणारे दुसरे कार्ड परत करते. म्हणून कार्डावरील नाव तपासावे. वाचता येत नसल्यास त्यावर ओळखीची खूण करून ठेवावी. क्रमांक दाबताना दुसऱ्या हाताने कळा झाकाव्यात.

तत्परतेचे महत्त्व

फसवणूक लक्षात येताच बँकेस कळवून कार्ड बंद करावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. स्वतः गुप्त क्रमांक सांगितला असल्यास, बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान खातेदारावरच पडते, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या निर्देशांत म्हटले होते.

खरी मदत

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या हाती लोक विश्वासाने कार्ड व क्रमांक देतात. हेतू शुद्ध असला, तरी क्रमांक सांगण्याची सवय तेथूनच जडते. आज आपल्या माणसास सांगितलेला क्रमांक उद्या परक्यासही सांगितला जातो. शेजारी उभे राहून, नजर वळवून, कळा खातेदारालाच दाबू द्याव्यात. हीच खरी मदत होय.