प्रार्थना करा, आणि खरं बोला

प्रार्थनेनं दारू सुटते का, असं मंडळीतली माणसं मला विचारतात. बहुधा कुणाची तरी आई विचारते, नाहीतर बायको. मी 'हो' म्हणतो. माझी सुटली आहे, आणि प्रभूवाचून ती सुटली नसती असं मी मनापासून मानतो. पण एवढ्याच उत्तरावर मी कुणाला घरी पाठवत नाही, कारण याच अर्ध्या उत्तरापायी माझा जीव जायची वेळ आली होती.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. शब्बाथ शाळेत पाठ केलेली वचनं मला प्यायल्यावरही तोंडपाठ म्हणता यायची. कारखान्यातली पाळी सुटली की मित्रांबरोबर क्वार्टर, पुढे हात थरथरू नयेत म्हणून सकाळी उठल्या उठल्या घोट, मग झोप येत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या. ही वाट बहुतेकांची सारखीच असते, ती लांबवत नाही.

एका संजीवन सभेत बाहेरगावच्या उपदेशकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, "आजपासून तू मुक्त आहेस. आता औषध घेणं म्हणजे अविश्वास." मी ढसाढसा रडलो आणि त्या रात्रीपासून दारू आणि गोळ्या दोन्ही एकदम बंद केल्या. पुढचं मला बायकोनं नंतर सांगितलं. दुसऱ्या रात्री मला दरदरून घाम फुटला. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या आणि त्या झाडायला मी चादर घेऊन उठलो. मग डोळे फिरले, दातखीळ बसली, अंगाला झटके येऊ लागले. घरच्यांना वाटलं, अशुद्ध आत्मा बाहेर पडतोय. ते खाटेभोवती गुडघे टेकून मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागले. आवाज ऐकून शेजारच्या सिस्टर धावत आल्या. दवाखान्यातली नोकरी असल्यानं त्यांनी हे पाहिलेलं होतं. त्यांनी मला कुशीवर वळवलं आणि बायकोला म्हणाल्या, "अगं, हे भूत नाही, दारू एकदम तोडल्याचे झटके आहेत. प्रार्थना थांबवू नका, पण रिक्षात बसून करा."

त्या वाक्यानं मला वाचवलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक बंद केली की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे. फिट येते, भास होतात, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर औषधांच्या आधारानं माणसाला हळूहळू त्यातून बाहेर काढतात, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. झोपेच्या गोळ्याही अशा एकदम तोडायच्या नसतात. गर्द घेणाऱ्यांचा धोका आणखी वेगळा आहे. काही काळ गर्द बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मोह होऊन पूर्वीच्याच मापानं घेतलं तर श्वास थांबतो. आता औषध म्हणजे अविश्वास या बोलण्याबद्दल: ज्यानं शुभवर्तमान लिहिलं त्या लूकला पौलानं आपल्या पत्रात वैद्य म्हटलं आहे. औषध घेणं हा अविश्वास असता, तर पौलानं ते इतक्या प्रेमानं लिहिलं नसतं.

दवाखान्यातून घरी आलो आणि मंडळीनं मला लगेच साक्ष द्यायला उभं केलं. हेतू चांगलाच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आयाबायांनी डोळे पुसले. थोड्याच आठवड्यांत माझा पाय घसरला, पण आता सांगणार कुणाला? साक्ष देऊन बसलो होतो. मग लपून पिणं सुरू झालं. रविवारी पुढच्या बाकावर बसायचं आणि घरी येऊन पाण्याच्या टाकीमागची चपटी काढायची. व्यसन लपवाछपवीवरच पोसतं. देवाच्या घरातली लपवाछपवी तर सर्वांत जड.

शेवटी आमचे पाळकसाहेब घरी आले. ते रागावले नाहीत. त्यांनी बेथेस्दा तळ्याकाठच्या, अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाचा शास्त्रभाग काढला. येशूनं त्याला बरं करण्याआधी विचारलं होतं की, तुझी बरं होण्याची इच्छा आहे का. तोच प्रश्न पाळकसाहेबांनी मला विचारला. मी म्हणालो, "लोकांना कळू नये, एवढीच इच्छा आहे." ते म्हणाले, "मग आज देवाला हेच सांगू." माझी पहिली खरी प्रार्थना ती. 'मला सोडायची आहे' असं खोटं मी तिच्यात बोललो नाही. 'सोडायची इच्छा मला दे' एवढंच मागितलं. लोक म्हणतात, आतून इच्छा झाल्याशिवाय व्यसन सुटत नाही. खरं आहे. पण ती इच्छा मागता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी उपचार पूर्ण केले आणि ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ लागलो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांशी खरं बोलायला सुरुवात केली, त्यातून ही चळवळ उभी राहिली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती संघातून आलेले. अ‍ॅक्रनमधले सुरुवातीचे सभासद याकोबाचं पत्र आवडीनं वाचत. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, असं ते पत्र सांगतं. आज मीटिंगचं दार सगळ्यांना उघडं आहे. माझ्या शेजारी माळकरी बसतो, पलीकडे नमाज पढणारा, त्याच्यापुढे देव न मानणारा. मला माझा प्रभू बाहेर ठेवून आत जावं लागलं नाही, आणि त्यांनाही काही सोडावं लागलं नाही.

पाळकसाहेबांनी आणखी एक केलं. चर्चची किल्ली माझ्या हाती दिली. रविवारी पहाटे दार उघडायचं, झाडायचं, उपासनासंगीताची पुस्तकं बाकांवर ठेवायची. शनिवारची रात्र मला सर्वांत अवघड जायची. ती मी त्या किल्लीच्या जबाबदारीवर काढली. ज्याच्यावर घरातही कुणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर कुणी थोडा विश्वास टाकला की तो टिकवायची ओढ लागते.

म्हणून घरच्यांना सांगतो: तो प्यायलेला असताना वचनं ऐकवू नका, सकाळी शुद्धीवर असताना बोला. त्याची उधारी फेडू नका, साहेबांकडे खोटा निरोप धाडू नका. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका असतात, तिथे तुम्ही स्वतः जा. त्याला झटके आले, भास झाले तर १०८ ला फोन करा. सल्ल्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. उपचारांसाठी, फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. दोन्हीकडे धर्म विचारत नाहीत.

मंडळीला सांगतो: नव्यानं सावरलेल्याला मंचावर चढवू नका, त्याला काम द्या. प्रभुभोजनाच्या प्याल्यात न आंबवलेला द्राक्षरस ठेवा. १८६९ साली थॉमस वेल्च या मेथोडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षरस उकळून टिकवला, तो याच कामासाठी. कॅथलिक चर्चमध्ये नुसती भाकर घेतली तरी सहभाग पूर्णच मानला जातो. आणि कुणी घसरला तर त्याला 'तुझा विश्वास कमी पडला' असं म्हणू नका. घसरल्याचं ज्या दिवशी त्याला तुमच्याजवळ सांगता येईल, त्या दिवसापासून तो पुन्हा चढायला लागतो.

आणि जो आज पितो आहे, त्याला एवढंच सांगतो: देव तुला ओळखतो, त्याच्यापुढे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. लपवलेलं आहे ते माणसांपासून. उद्या सकाळी पहिला घोट घेण्याआधी एका माणसाला खरं सांग, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. प्रार्थना वाटेत कर.